घमेलंभर माती

"आधी माती आन, मंग बोल."

कप्तानाकडे कुणी कसलंही काम घेऊन गेलं तरी पहिलं वाक्य हेच. उकिडवा बसलेला असायचा. बोटांनी जमिनीवरची माती उचलायची, दोन्ही तळहातांत चोळायची, आणि समोरच्या माणसाकडे न बघता आपल्या हातांकडे बघत हे वाक्य टाकायचं. नवा गडी असो, गावातला सावकार असो, नाहीतर वर्गणी मागायला आलेले उत्सवाचे लोक असोत, सगळ्यांना एकच दर. तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याच्या तोंडी लागायला लोक घाबरतात आणि तरी त्याच्या आसपास घुटमळत राहतात. आमचा हा.

त्याचं नाव मी इथे घालत नाही. घातलं तर त्याच्या शेजारी आणखी काही नावं घालावी लागतील, आणि ती कप्तानाच्या शेजारी बसण्याच्या लायकीची नाहीत. गावाचंही नाव नको. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यातलं एक बाजारगाव, एवढं पुरे. ज्यांना झोंबायचं त्यांना नावाशिवायही झोंबेल.

मी त्याच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा आमचं घर म्हणजे दुसऱ्याच्या परसात टाकलेलं एक कुडाचं खोपटं होतं. बाप रेल्वेच्या गँगमध्ये घाटात खडी ओढायचा. आई लोकांचं भात कांडायची आणि मजुरीत कण्या आणायची. त्या कण्यांची पेज आम्ही दोन्ही वेळा प्यायचो, कधी एकाच वेळेला. मी मॅट्रिकच्या वर्गात होतो, आणि शाळेत घालायची आणि घरात घालायची चड्डी एकच होती. हे मी दया यावी म्हणून लिहीत नाही. पुढचं नीट कळावं म्हणून लिहितो.

अंगात जोर मात्र होता. दम लांब टिकायचा. हुतूतूच्या संघात घ्या म्हणून कप्तानापुढे उभा राहिलो, तर झालं, "आधी माती आन."

ही त्याची रीत होती. भातं कापून झाली की मैदान खणायचं, ढेकळं फोडायची, माती चाळायची, पाणी मारून पायांनी तुडवायची. आणि संघात येणाऱ्या प्रत्येक नव्या गड्याने आपल्या शेतातली घमेलंभर माती त्यात आणून टाकायची. दहिवलीच्या गड्याने दहिवलीची आणली होती, साजगावच्याने साजगावची, ठाकरवाडीतल्या दोघा भावांनी डोंगराच्या उतारावरची. त्याशिवाय पाय ठेवू द्यायचा नाही. "माती पडली की मानूस जाग्याला चिकटतो," असं त्याचं म्हणणं. याला आधार काय ते त्यालाच माहीत.

मी म्हटलं, "आमची जमीन नाय."

"बांध?"

"नाय."

"परडं तरी?"

"तेबी दुसऱ्याचं."

मागे उभे असलेले गडी हसले. कप्तानाने मान वर केली. माझ्याकडे नाही, हसणाऱ्यांकडे बघितलं. हसणं थांबलं.

"चूल हाय ना घरात?"

"हाय."

"मंग तिची आन. चूल काय हवेत हाय काय?"

घरी सांगितलं तर आई खवळली. "चूल मोडाया निघालास? कोन रं तो दीडशहाणा? त्याच्या बायकोला सांग म्हनावं आधी तुजी मोड!" बराच वेळ बडबडली. मग बापाचं गँगचं घमेलं ओढलं आणि चुलीच्या मागच्या बाजूची भाजलेली माती विळ्याने खरवडून स्वतःच भरली. "पुरंल का बघ. नायतर म्हनंल, गरिबांची कमी असते."

कप्तानाने ती माती मुठीत चुरली, नाकाला लावली. "हिला धूर लागलाय," म्हणाला. "चांगली हाय. पाय घसरनार नाय." आणि मधल्या रेषेजवळ आपल्या हाताने पसरली. त्या मैदानात मला हक्काने उभं राहता यायचं. जगात तेवढी एकच जागा होती.

त्याची स्वतःची माती तांबडी होती. माथेरानची. त्यालाही जमीन नव्हती. सीझनमध्ये तो माथेरानला हातरिक्षा ओढायचा, आणि सीझन संपवून खाली उतरताना तिथली लालभडक माती फडक्यात बांधून आणायचा. मैदानावर पाणी मारलं की आमच्या काळपट मातीत त्याचा एक तांबडा पट्टा उठून दिसायचा. "जितं घाम पडला ती आपली," म्हणायचा. लगेच शिवी देऊन जोडायचा, "आनि चढन माज्या घामानं चिंब झालीय."

आता कमिटीकडे येतो. तिच्याकडे यायचं म्हणजे माझं डोकं आजही तापतं.

आमच्या गावच्या पंचायतीला सगळे कमिटी म्हणत. तिचे चेअरमन भाताच्या गिरणीचे मालक. आमचा संघ आजूबाजूला नाव काढू लागला, कल्याणपर्यंतचे संघ आमच्याकडे खेळायला येऊ लागले, तेव्हा कमिटीला आमचा उमाळा आला. दरसाल संघाला मदत करायची असा ठराव झाला. मदत म्हणजे बनियनी आणि थोडी रोख रक्कम. आम्ही खूश. लढाईचे दिवस, कापड मिळत नव्हतं, बनियन म्हणजे चैन. त्या बनियनींच्या छातीवर कमिटीचं नाव ठसठशीत छापलेलं होतं. कप्तानाने ती अंगात घातली, छातीवर हात फिरवला आणि म्हणाला, "बैलालाबी मालक आसंच डाग देतो."

आम्ही हसलो. त्याला हसू आलं नव्हतं.

पुढच्या साली कमिटीने मैदानाला पत्र्याचं कुंपण घातलं, फाटक बसवलं आणि तिकीट लावलं. "गावाच्या विकासासाठी" असं पाटीवर लिहिलं होतं. विकास झाला तो असा: एका बाजूला चौथरा, त्यावर छप्पर आणि छपराखाली चेअरमनसाहेबांना बसायला कोच. गड्यांसाठी पाण्याचा रांजण मागितला, तर पुढच्या सभेत बघू. दर सभेत पुढची सभा यायची. ठाकरवाडीतल्या धाकट्या भावाचा गुडघा सामन्यात निखळला तेव्हा त्याला पाठीवर घेऊन कप्तान डॉक्टरकडे चालत गेला, आणि त्याच संध्याकाळी कोचाला नवी गादी आली. माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

एक किस्सा कप्तान स्वतः सांगायचा. माथेरानला एकदा त्याच्याच रिक्षात चेअरमनसाहेब आणि त्यांचे मुंबईचे पाहुणे बसले. हा पुढून ओढतोय, आणखी दोघे रिक्षावाले मागून ढकलताहेत. चढणभर साहेब पाहुण्यांना सांगत होते, आमचा हुतूतूचा संघ असा, आमचा संघ तसा, आम्हीच उभा केला.

"मंग तुमी काय केलंत?" आम्ही विचारायचो.

"काय करनार? वडली."

"वळखलं नाय त्यांनी?"

"पाठ दिसत व्हती रं. छातीवर त्यांचं नाव आसलं तवाच वळखत्यात."

तोवर मी बी.ए. झालो होतो. आमच्या खोपट्यातला पहिला, आमच्या आळीतला पहिला, आणि हे सांगताना मी आवाज खाली घेत नाही. मुंबईत हॉटेलात ताटं उचलून शिकलो, सुट्टी मिळाली की गावी येऊन खेळलो, आणि शेवटी परत येऊन गावच्या शाळेत मास्तर झालो. परत आलो त्या दिवशी कप्तानाने माझ्या पायांतल्या बुटांकडे बघितलं. "हे काढ. बीए झालास म्हनून पायाला कातडं कमी पडलं काय?" तेव्हापासून माझं नाव 'बीए' पडलं. शिवीसारखं घ्यायचा, आणि परगावच्या संघाशी ओळख करून देताना मात्र सगळ्यांत आधी मला पुढे करायचा. "हा आमचा बीए. इंग्रजीत पकड मारतो."

त्याच साली कमिटीने नवा ठराव केला. मैदान कमिटीचं, तेव्हा सरावासाठी संघाने भाडं द्यायचं. नीट ऐका. कमिटीच्या नावाच्या बनियनी घालून, कमिटीची तिकिटं खपवणाऱ्या संघाने, स्वतः खणलेल्या, स्वतः तुडवलेल्या मैदानाचं भाडं कमिटीला द्यायचं. आणि ते भाडं मदतीच्या रकमेपेक्षा जास्त. एका हाताने द्यायचं, दुसऱ्या हाताने त्याहून जास्त काढून घ्यायचं, आणि वर उपकार आहेतच.

"तू जाऊन बोल," कप्तान मला म्हणाला. "आमी बोललो तर भांडान म्हनत्यात. तू बोललास तर म्हननं म्हननार."

सभेला मी गेलो. तो माझ्या मागे भिंतीला टेकून उभा राहिला. मी सगळं नीट मांडलं. आवाज चढू दिला नाही. चेअरमनसाहेबांनी ऐकून घेतलं, पान लावलं, आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही तर शिकलेले. तुम्ही तरी समजून घ्या. ह्या पोरांना नाद आहे, पण नादाला खर्च असतो. आजवर संघाला पोसलं कुणी? आम्हीच ना?"

मागून आवाज आला. "काय म्हनालात?"

"पोसलं म्हणालो. खोटं आहे का?"

"कुत्रं हाय काय आमी?"

चेअरमनसाहेबांच्या हातातलं पान तसंच राहिलं. मग ते हसले. तो हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. "भाडं भरा, नाहीतर मुंबईच्या कापडगिरणीच्या संघाशी सामना ठरलाय तो शेवटचा. नंतर फाटकाला कुलूप. संघ काय, दुसरा उभा राहील. पोरं काय कमी आहेत गावात?"

बाहेर आल्यावर माझं तोंड सुटलं. वर अर्ज करू, वर्तमानपत्रात लिहू, असं काहीबाही बोलत होतो. कप्तान कमिटीच्या पायऱ्यांखाली उकिडवा बसला. सवयीने हात खाली गेला, पण तिथे फरशी होती. माती नव्हती. त्याने हात तसेच कोरडे चोळले.

"बीए, मैदान कुनाचं?"

"कागदावर त्यांचं."

"आनि माती?"

त्याला उत्तर नकोच होतं.

सामन्याच्या आदल्या दिवशी सरावानंतर त्याने सगळ्यांना बसवलं आणि काय करायचं ते सांगितलं. मग माझ्याकडे वळला. "तू नको येऊस. तुज्या शाळेवर कमिटीतले दोगं हायत. नोकरी जाईल."

"चुलीची माती माझ्या आईने खरवडलीय," मी म्हटलं. "ती दुसरा कुणी उचलणार नाही."

"बरं बरं," तो म्हणाला. "भाषान नको."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मैदान भरलं. तिकिटं संपली, लोक पत्र्यांवर चढून बसले. कोचावर चेअरमनसाहेब, शेजारी पाहुणे. मुंबईचा गिरणीचा संघ अंग मोकळं करत होता. आम्ही घमेली आणि फावडी घेऊन आत आलो. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण सामन्याआधी माती सारखी करायला आम्ही नेहमीच घमेली आणायचो.

कप्तान मधल्या रेषेवर गेला. वाकून मातीला हात लावला, कपाळाला लावला. मग अंगातली बनियन काढली, घडी घातली, चौथऱ्यावर चढून चेअरमनसाहेबांच्या शेजारी कोचावर ठेवली.

"ही तुमची."

खाली उतरला. फावडं घेतलं. जिथे त्याची तांबडी माती होती तिथे पहिला घाव घातला आणि घमेलं भरलं.

"ही आमची."

एकेकाने बनियन काढून कोचावर टाकली. तिथे ढीग झाला, पाहुण्यांना सरकून बसावं लागलं. आम्ही खणायला लागलो. दहिवलीच्या गड्याने विचारलं, "कप्तान, माजी कुठली कशी वळखू? समदी मिसाळली."

"हातात येईल ती तुजी. भर!"

चेअरमनसाहेब उभे राहिले. "अरे काय चाललंय? थांबवा त्यांना!" पण थांबवणार कोण? फाटकावरचा शिपाई ठाकरवाडीतल्या भावांचा मामा होता. तो विडी पेटवण्यात गर्क झाला.

गर्दीतून एक मासळीवाली ओरडली, "आनि आमचं पैसं रं मुडद्यांनो? खेळ कुठं हाय?"

"खेळ नदीपलीकडं!" कप्तान डोक्यावर घमेलं चढवत ओरडला. "तितं तिकीट नाय! पैसं त्यांच्याकडं माग, कोचावर बसल्यात!"

क्षणभर काही कळेना. मग गिरणीच्या संघाचा म्होरक्या, धिप्पाड माणूस, पुढे आला. काय प्रकार आहे ते त्याने मला विचारलं. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्याने बनियन कमरेला खोचली आणि म्हणाला, "आमच्याकडं मालक दिवाळीला पेढा देतो आणि पगारातनं कापतो. दे एक घमेलं."

मग जे झालं ते मी कुठल्या पुस्तकात वाचलं असतं तर खोटं म्हटलं असतं. बघायला आलेली माणसं आत उतरली. कुणी टोपीत माती घेतली, कुणी धोतराच्या सोग्यात, बायांनी ओच्यात. मासळीवालीने पाटी रिकामी करून ती भरली. शिव्या देतच भरली. फाटकातून सगळी रांग बाहेर पडली, बाजारातून गेली, नदीत उतरली. पाणी गुडघाभर होतं. पुढे कप्तान, डोक्यावर तांबडं घमेलं, आणि घामाचे ओघळ त्याच्या उघड्या पाठीवरून. तीच पाठ, जी साहेबांनी ओळखली नव्हती.

पलीकडे आमच्यातल्या एका गड्याच्या बापाचं खाचर होतं. भात कापलेलं. म्हातारा बांधावर उभा होता. कप्तान त्याच्यापुढे थांबला. "दादा, टाकू?"

"टाका की. इचारताय काय."

आम्ही माती पसरली, तुडवली, आणि सूर्य कलेपर्यंत खेळलो. हरलो. सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल जिंकलोच असू. जमीन भुसभुशीत, आम्ही दमलेले. शेवटच्या चढाईला आलेला त्यांचा गडी माझ्या हातून निसटला. कप्तानाला कमिटीपेक्षा माझा जास्त राग आला. सगळ्या गावादेखत ओरडला, "बीए! पाय धरायचा आसतो, पाया पडायचं नसतं!"

कमिटीने फौजदाराकडे तक्रार केली. फौजदार शाळेत आले. "चोरी झाली म्हणे. कशाची?"

"मातीची," मी म्हटलं.

"कुणी नेली?"

"गावाने."

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "हस्तगत काय करू, नदीपलीकडचं शेत?" चहा घेतला आणि गेले.

पण हे हसण्यावारी गेलं असं समजू नका. कमिटीचा हात लांब होता. माथेरानला चेअरमनसाहेबांचा एक हॉटेलवाला नातलग होता. पुढच्या सीझनला त्याने आणि त्याच्या ओळखीच्यांनी कप्तानाच्या रिक्षात गिऱ्हाईक बसू दिलं नाही. सबंध सीझन तो रिकामी रिक्षा घेऊन उभा राहिला. शेवटी साजगावकडे एका बांधकामावर हमालीला लागला. तिथून दर बाजाराच्या दिवशी पायी यायचा, मैदान तुडवायचा, आम्हाला शिव्या द्यायचा आणि पायी परत जायचा. मी एकदा विचारलं, पश्चात्ताप होतो का. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी परत विचारलं नाही. माझी नोकरी मात्र राहिली. बी.ए. मास्तर काढला तर दुसरा मिळेना, म्हणून राहिली. त्यांच्या चांगुलपणाने नव्हे.

सिमेंटची पोती वाहून त्याची छाती गेली. खोकायचा. दम घुमवून दाखवायला जायचा आणि मधेच तुटायचा, तेव्हा तोंड फिरवून थुंकायचा आणि म्हणायचा, "तुमी बघू नका रं, खेळा." एका उन्हाळ्यात तो बाजाराच्या दिवशी आला नाही. पुढच्या बाजारालाही नाही. त्याची बायको आली. हातात फडक्याचं गाठोडं. तांबडी माती. माथेरानला शेवटचा गेला तेव्हा आणून ठेवलेली.

"म्हनाले, मैदानात टाक," ती म्हणाली. "आनि म्हनाले, बीएला सांग भाषान करू नको."

मी भाषण केलं नाही.

त्यानंतर स्वातंत्र्य आलं. त्या सकाळी कमिटीने जुन्या फाटकात झेंडा लावला. पत्र्यांआड गुडघाभर गवत आणि मधे आम्ही खणलेला खड्डा, त्यात पाणी साठून बेडूक ओरडत होते. चेअरमनसाहेबांनी भाषणात 'आपल्या गावचा नामांकित संघ, ज्याला आम्ही घडवला' असं म्हटलं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. कप्तान असता तर त्याने काय केलं असतं ते तुम्हीच ठरवा. मी फक्त एवढं बघितलं की टाळ्या संपायच्या आत ती मासळीवाली पचकन थुंकली आणि नदीच्या वाटेला लागली. आम्ही सगळे तिच्या मागे गेलो; नदी भरलेली, होडीने पार झालो. त्या दिवशी पलीकडे चिखलातच सामना होता.

त्या म्हाताऱ्याने ते खाचर पुन्हा नांगरलं नाही. त्याच्या मुलानेही नाही. पाणी मारलं की मधल्या रेषेजवळ अजून तांबडा पट्टा उठतो. नवा गडी आला की आम्ही त्याला आधी माती आणायला पाठवतो. तिथे फाटक नाही, तिकीट नाही, भाडं नाही. बनियनवर कुणाचं नाव नाही. मैदान आमचं आहे.